मदत हवी आहे: स्विफ्ट खाली घेतल्यापासून पुढचे टायर आतून झिजताहेत, दोष कॅम्बरचा की टोचा?

म्हापसा_वेर्णा:

नमस्कार. गाडी २०१९ ची पेट्रोल स्विफ्ट, टायर १८५/६५ आर१५. लोअरिंग स्प्रिंगा घातल्या आहेत, शॉकअप कंपनीचेच. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजलं तर गाडी पुढे ३५ मिमी आणि मागे ३० मिमी खाली आली आहे. स्प्रिंगा बसवल्या त्याच दिवशी अलाइनमेंट झाली, पण तिचा प्रिंट नाही. त्यानंतर ४,००० किमी रनिंग, बहुतेक हायवेवर. पुढच्या दोन्ही टायरची आतली कड गुळगुळीत झालीय, बाहेरच्या बाजूला मात्र ५ मिमी नक्षी शिल्लक आहे.

परवा दुसऱ्यांदा अलाइनमेंट केली, तिचे आकडे असे: पुढचं कॅम्बर (चाकाचा उभा कल, वजा म्हणजे वरचा भाग आत) डावं −०°५०′, उजवं −१°३५′. कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे कल) डावं ३°४०′, उजवं ३°३०′. पुढचा एकूण टो (वरून बघता चाकांची तोंडं किती आत-बाहेर, अधिक म्हणजे आत) आधी −०°३६′, नंतर +०°०२′. मागचं कॅम्बर −१°२०′ आणि −१°१५′, मागचा टो +०°०८′ आणि +०°१०′.

यानंतरही गाडी डावीकडे ओढते आणि रंबलरवरून (रस्त्यावरच्या आडव्या उंच पट्ट्यांवरून) जाताना स्टिअरिंग हातात वळवळतं. अलाइनमेंटवाला म्हणतो, ‘स्विफ्टला कॅम्बर सेट होत नाही, स्प्रिंगा काढा.’ टायर कॅम्बरने गेले का? कॅम्बर बोल्ट घालावेत का? नवे टायर घेण्याआधी नेमकं काय करून घेऊ?

चेकनट:

प्रिंटवरचा ‘आधी’चा रकाना बघा. उत्तर तिथेच आहे. −०°३६′ म्हणजे चाकांची पुढची तोंडं बाहेर फाकलेली, टो-आउट. दोन चाकांत वाटला तर प्रत्येकी ०.३ अंश. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ०.३ अंश तिरकं चाक सरळ रस्त्यावर दर किलोमीटरला ५ मीटरहून थोडं जास्त आडवं घासतं. ४,००० किमीला हिशेब लावा, वीसेक किलोमीटर होतात. मिलिमीटरमध्ये हवं असेल तर १५ इंची रिमवर १ मिमी म्हणजे साधारण ९ मिनिटं (६० मिनिटांचा एक अंश), म्हणजे तुमच्याकडे ४ मिमी टो-आउट होता.

कॅम्बर −१°३५′ असलं तरी टो शून्याजवळ असेल तर टायर इतक्या लवकर जात नाही. आतली कड थोडी आधी झिजेल एवढंच. टो-आउट टायर घासतो, आणि कॅम्बरमुळे भार आतल्या कडेवर असल्याने ते घासणं सगळं तिथे एकवटतं. दोघं मिळून कड खातात, पण मुख्य दोषी टोच.

एक हाताने करायची खात्री. गाडी उभी असताना टायरच्या नक्षीवरून तळहात आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. बाहेरून आत येताना नक्षीच्या कडा बोटांना करवतीसारख्या अडत असतील आणि उलट फिरवताना हात सरकत असेल, तर टो-आउट. टो-इन असेल तर नेमकं उलटं. नुसत्या कॅम्बरची झीज हाताला अशी अडत नाही, ती एका बाजूला उतरत गेलेली पण गुळगुळीत लागते. कड पूर्ण साफ झाली असेल तर तिच्या शेजारच्या पट्टीवर बघा. हात जपून, तार बाहेर आलेली असू शकते.

डिचोलीकर:

कॅम्बर बोल्ट घालून मोकळे व्हा. वरच्या भोकात एक्सेंट्रिक (मध्य बाजूला सरकलेला) बोल्ट बसतो, दीड अंशापर्यंत फरक सहज मिळतो. स्विफ्टचा स्ट्रट (स्प्रिंग-शॉकअपचा खांब) नकलला (चाक धरणाऱ्या लोखंडी भागाला) दोन बोल्टांनीच धरलेला आहे, त्यामुळे बसवायला अडचण नाही.

रबरी_बुश:

डिचोलीकर, बसतात हे बरोबर, पण इथे ती पहिली पायरी नको. कॅम्बर बोल्टचा दांडा मूळ बोल्टपेक्षा बारीक असतो आणि त्याचं टॉर्कही (आवळण्याचा जोर) कमी. आपल्याकडच्या खड्ड्यांत एकदा जोरात आपटलं की तो सरकण्याची शक्यता मूळ बोल्टपेक्षा जास्त. शिवाय या गाडीत कॅम्बर जास्त असणं ही अडचण नाहीच, डाव्या-उजव्यात ४५ मिनिटांचा फरक ही आहे. ज्या बाजूचं कॅम्बर जास्त धन, तिकडे गाडी ओढते. इथे डावं उजव्यापेक्षा धन बाजूला आहे, म्हणून ओढ डावीकडे. कॅस्टरमध्ये १० मिनिटांचाच फरक, तेव्हा लोअर आर्म (चाकाला खालून गाडीशी जोडणारा दांडा) वाकल्याचा संशय घ्यायचं कारण नाही. मागचे आकडेही चांगले आहेत. मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा) आहे, दोन्ही चाकं एकत्र खाली येतात, लोअरिंगने तिथे फारसं बदलत नाही. मागे शिम (पातळ पत्री) वगैरे कोणी सुचवलं तर नको म्हणा.

४५ मिनिटं आली कुठून? स्प्रिंग बदलताना स्ट्रट नकलपासून सुटतो. बोल्ट आणि भोक यांत थोडी ढील असते. परत बसवताना नकल लोंबकळत ज्या बाजूला कलंडला असेल तसाच आवळला जातो. एक बाजू आत, एक बाहेर. याच ढिलाईचा उपयोग करून फरक मिटवता येतो, बहुतेकदा नवा पार्ट न घेता. उजव्या बाजूचे दोन्ही बोल्ट सैल करून चाकाचा वरचा भाग बाहेर ओढून धरायचा आणि तसाच आवळायचा. डाव्या बाजूला उलट, वरून आत ढकलून. दोन्हीकडे २० मिनिटं मिळाली तरी −१°१०′ आणि −१°१५′ वर येता. नट नवे घ्या, टॉर्क वर्कशॉप मॅन्युअलप्रमाणे, आणि नटावरून ब्रॅकेटपर्यंत रंगाची एक रेघ ओढा म्हणजे पुढे सरकला तर दिसेल. कोणी भोकं कानशीने लांबवतो म्हणाला तर गाडी तिथून हलवा.

पण त्याच्याही आधी बुश, म्हणजे सांध्यांतली रबरं. हे जवळजवळ कोणी करत नाही. लोअर आर्मचं रबर आतल्या-बाहेरच्या लोखंडी नळ्यांना चिकटलेलं असतं. ते बेअरिंगसारखं फिरत नाही, पिळतं. आर्म फूटभर लांबीचा धरला तर ३५ मिमी उतरायला तो सहा-साडेसहा अंश फिरतो. बोल्ट जुन्या उंचीला आवळलेला असेल, किंवा जॅकवर चाक लोंबत असताना आवळला असेल, तर रबर कायमचं पिळलेलं राहतं, गाडीला वर ढकलत राहतं आणि शेवटी फाटतं. पहिले काही शे किलोमीटर रबर आणि स्प्रिंग दोन्ही बसत जातात, गाडी आणखी काही मिलिमीटर खाली येते, आणि पहिल्या दिवशी लावलेला टो निघून जातो. त्या दिवशीची अलाइनमेंट टिकली नाही ती यामुळेच असणार.

म्हणून गाडी अलाइनमेंटच्या रॅम्पवर चारही चाकांवर उभी असताना लोअर आर्मचे बोल्ट आणि मागच्या बीमचे दोन बोल्ट सैल करा, गाडी पुढून-मागून दाबून हलवा, आणि तशीच भार असताना आवळा. बोल्ट फक्त सैल करायचे, काढायचे नाहीत.

म्हापसा_वेर्णा:

दोघांचे आभार. हात फिरवून पाहिला. दुसऱ्या पट्टीवर बाहेरून आत येताना स्पष्ट अडतो, दोन्ही टायरना. रॅम्पवर कोणत्या क्रमाने करायला सांगू? आणि रंबलरवरच्या वळवळीचं काय?

चेकनट:

म्हणजे टो-आउट पक्का. क्रम असा सांगा. टायरची हवा गाडीच्या दारावरच्या स्टिकरप्रमाणे, डिकी रिकामी, टाकी अर्धी. बहुतेक वेळ एकटेच चालवत असाल तर ड्रायव्हर सीटवर ६०-७० किलो वजन ठेवा. नंतर दोन्ही बाजूंची उंची चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत मोजा. ५ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर आधी स्प्रिंगचं टोक खालच्या कपातल्या खोबणीत बसलंय का ते बघा. स्टिअरिंग फिरवताना वरून ‘टण’ असा आवाज येत असेल किंवा स्टिअरिंग आपोआप मधे परतत नसेल, तर स्प्रिंग नाहीतर वरचं बेअरिंग नीट बसलेलं नाही.

बुश मोकळे करा, मग कॅम्बर, आणि टो सगळ्यात शेवटी. कॅम्बर हलवलं की टो हलतोच, उलट क्रमाने केलं तर मेहनत फुकट. आणि जॅकवरून उतरवलेली गाडी तशीच मोजू देऊ नका. चाकं हवेत असताना आत ओढली जातात आणि खाली टेकल्यावर टायर जमिनीला धरून राहतात, त्यामुळे कॅम्बर खोटं दिसतं. गाडी थोडी मागे-पुढे ढकला, दोनतीनदा दाबा, मग रीडिंग.

टर्न प्लेटकडे (पुढची चाकं ठेवायच्या फिरत्या प्लेटीकडे) स्वतः लक्ष द्या. समुद्राजवळच्या दुकानांत या प्लेटी गंजून अडतात. पिना काढल्यावर प्लेट बोटाने ढकलून हलली पाहिजे. हलत नसेल तर मशीन कितीही भारी असो, आकडे विश्वासाचे नाहीत.

टो लावताना स्टिअरिंग सरळ करून क्लॅम्पने बांधायचं. टायरॉडचा (स्टिअरिंगपासून चाकापर्यंतच्या दांड्याचा) चेकनट आपल्या दमट खाऱ्या हवेत धरलेला असतो, आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. दुकानात घाईत मोठा पाना लावून ओढाताण झाली की बॉल जॉइंट मार खातो. रॉड फिरवण्याआधी रबरी बूटची बारकी क्लिप सैल करायला सांगा, नाहीतर बूट पिळून फाटतो आणि पहिल्याच पावसात लाल चिखलाचं पाणी स्टिअरिंगच्या रॅकमध्ये. दोन्ही बाजू सारख्या फिरवल्या की स्टिअरिंग मधे राहतं. तुमच्यासाठी एकूण टो शून्य ते +०°१०′ यांच्या मधे ठेवा, मी +०°०६′ धरेन. खाली घेतलेली गाडी दबताना टो-आउटकडे जाते, थोडा टो-इन ते सांभाळतो.

मशीन अंश-मिनिटांत आहे की दशांश अंशांत, तेही विचारा. १°३०′ म्हणजे १.५ अंश, १.३० नव्हे. या गोंधळात भरपूर टायर गेले आहेत.

वळवळीबद्दल. लोअर आर्म आणि टायरॉड हे वेगवेगळ्या लांबीचे, वेगवेगळ्या कोनांचे दांडे. कंपनीच्या उंचीला त्यांची टोकं जवळपास एकाच कमानीत वरखाली होतात. गाडी खाली घेतली की त्या कमानी जुळत नाहीत आणि चाक वरखाली होताना आपोआप वळतं. यालाच बंप स्टिअर म्हणतात. तपासायचं असं: मशीन सुरू ठेवून दोन माणसांना गाडीचं नाक २० मिमी दाबून धरायला सांगा आणि पडद्यावर टो किती हलतो ते बघा. १० मिनिटांच्या आत असेल तर चालेल. २०-२५ दाखवत असेल तर कोणतीही अलाइनमेंट ते काढणार नाही, उंची वाढवणं हाच उपाय.

रबरी_बुश:

आणखी एक. या स्विफ्टचा मूळ ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिमी, आता १२८ च्या आसपास, माणसं बसली की त्याहून कमी. भारतीय रस्ते परिषदेच्या मापाचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १०० मिमी उंच असतो, त्यावरून गाडी जाईल. वाड्यावाड्यांतले अरुंद उभे गतिरोधक त्या मापाचे नसतात, आणि तिथे बंप स्टॉपवर (शॉकअपच्या रबरी अडसरावर) आदळणं म्हणजे लावलेलं कॅम्बर घालवणं. स्प्रिंगच्या किटमध्ये बंप स्टॉप कापायला सांगितलं असेल तर तेवढाच कापा.

जुने पुढचे टायर मागे टाकू नका. आतली कड साफ असलेला टायर पावसात पाणी बाहेर फेकू शकत नाही, आणि मागचा सुटला तर गाडी फिरते. १.६ मिमीपेक्षा कमी नक्षीचा टायर नियमातही बसत नाही. विम्याच्या कंपनीला स्प्रिंगांबद्दल लेखी कळवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत बदल करण्याबद्दल कडक आहे, अपघातानंतर हा प्रश्न निघालेला परवडत नाही.

म्हापसा_वेर्णा:

सांगितलेल्या क्रमाने करून घेतलं. बुश सैल केल्यावर पुढची उंची ४ मिमीने उतरली. कॅम्बर डावं −१°१०′, उजवं −१°२०′, बोल्ट मूळचेच. एकूण टो +०°०६′. नाक २० मिमी दाबल्यावर टो −०°०३′ वर गेला. स्टिअरिंग मधे आहे. फक्त काही ठिकाणी किंचित डावीकडे जाते.

चेकनट:

दाबल्यावर टोमध्ये ९ मिनिटांचा फरक, चांगला आहे. रंबलरवर थोडं जाणवेल तेवढं राहणार. उरलेली ओढ तपासायला एखाद्या मोठ्या मोकळ्या सपाट जागेत एकाच पट्ट्यावरून दोन्ही दिशांनी ४० च्या वेगाने जा. जाताना डावीकडे आणि येताना उजवीकडे गेली तर तो जमिनीचा उतार. रस्त्याची डावी कड पावसाच्या पाण्यासाठी उतरती असते, तिच्यासाठी अलाइनमेंट बिघडवू नका. दोन्ही वेळा डावीकडेच गेली तर पुढचे दोन टायर आपसात बदलून बघा, बाणाची खूण नसेल तरच. ओढ बाजू बदलली तर दोष टायरचा.

१,००० किमीनंतर फक्त टो परत मोजून घ्या, आणि ‘आधी’चा रकाना इथे टाका. हेडलाइटही एकदा भिंतीवर पाडून बघा. गाडी पुढे-मागे सारखी खाली आलेली नाही, झोत खाली गेला असेल.