कीवर्ड टूलचे आकडे: धंद्याला उपयोगी की नुसती शीट सजवायला?

मंगळबाजारी

जरा डोकं फिरलंय म्हणून लिहितोय, लांबण लागेल, सांभाळून घ्या. मामेभावाचं चनिया चोलीचं दुकान आहे, मंगळ बाजारातून चालत दोन मिनिटं, वेबसाइट मी बघतो. बडोद्यातल्याच एका एजन्सीला (नाव नको) कीवर्ड रिसर्च, म्हंजे लोक गूगलवर काय शब्द टाकून शोधतात ते काढायचं काम, दिलं होतं, त्यांनी शीट पाठवली, दोनशेच्या वर ओळी, प्रत्येकीपुढे व्हॉल्यूम (महिन्याला किती वेळा शोधलं), केडी (वर यायला किती अवघड), सीपीसी (जाहिरातीच्या एका क्लिकचा खर्च), कॉम्पिटिशन आणि तळाशी जाड अक्षरात टोटल, की बघा एवढे लोक दर महिन्याला तुमचा माल शोधताहेत. मामेभाऊ टोटल बघूनच खूश, म्हणे शंभरात एक आला तरी माल पुरायचा नाही.

मग मी त्यातलेच शब्द वेगवेगळ्या टूलमध्ये टाकून बघितले. एकात हजाराच्या वर, दुसऱ्यात त्याच्या निम्मेपण नाही, तिसरं म्हणतं १०० ते १ हजार. १०० ते १ हजार? नक्की किती ते सांग ना बाबा. १०० असतील तर पान बनवायचा खर्च पण निघत नाही आणि १ हजार असतील तर अजून एक मुलगी कामाला ठेवावी लागेल.

माझं मत सरळ आहे. शहरापुरत्या धंद्याला ही टूल्स म्हंजे पैशाचा चुराडा. काउंटरवर बाई येऊन काय मागते ते वहीत लिहा, तेच तुमचे कीवर्ड. ज्यांना पटत नाही त्यांनी खोडून दाखवा.

एसईओ_भाऊ

खोडतो. माझं पोटच यावर, एसईओवर (गूगलवर साइट वर आणायचं काम) चालतं तेव्हा बाजू घेणार हे आधीच सांगून ठेवतो.

आकडे जुळत नाहीत हे बरोबर, पण ते जुळायचेच नाहीत, कारण टूलवाले मोजत नाहीत, अंदाज बांधतात, आणि प्रत्येकाची अंदाजाची रीत वेगळी. खरा आकडा फक्त गूगलकडे, आणि गूगल तो कीवर्ड प्लॅनरमधून देतं, तेही जाहिरातवाल्यांसाठी आणि गोल करून. ज्या खात्यातून जाहिरातीवर फारसा खर्च होत नाही त्याला २०१६ पासून १०० ते १ हजार, १ हजार ते १० हजार असे पट्टेच दिसतात, तुझा तिसरा आकडा तिथला. नीट खर्च चालू असलेल्या खात्यातून बघितलंस तर एक आकडा दिसेल पण तोही ठरलेल्या पायरीचाच. शीट उघड आणि बघ, ७२०, ८८०, १,०००, १,३००, १,६००, १,९०० हेच परत परत येतील, ८०० किंवा १,१५० कुठेच नसेल. म्हंजे ८८० लिहिलंय तिथे खरे ८४० असतील नाहीतर ९२०, आणि त्याने तुझ्या निर्णयात काडीचा फरक पडत नाही.

एकाच टूलमध्ये 'ब्रायडल चनिया चोली' आणि 'नवरात्री चनिया चोली' शेजारी ठेव, कोण कितीपट मोठं ते कळतं, आधी कुठलं पान लिहायचं ते ठरतं. आकडा यासाठी असतो. त्यावरून गिऱ्हाइकं मोजायला बसलात तर टूल काय करणार?

फतेगंजची_ताई

भाऊ, हे इथे बोलताय, क्लायंटसमोर बोलता का? तिथे तर स्लाइडवर टोटलच मोठ्ठी असते.

आणि अंदाज कशावरून बांधतात तेही सांगा ना लोकांना. प्लॅनरच्या आकड्यात क्लिकस्ट्रीम मिसळतात, म्हंजे कोणाच्या तरी ब्राउझरमधलं एक्स्टेंशन नाहीतर फुकटचं अँटिव्हायरस तो माणूस कुठेकुठे फिरतो ते टिपतं आणि पुढे विकलं जातं. अवास्टची जम्पशॉट कंपनी हाच धंदा करायची, जानेवारी २०२०ला बोभाटा झाला तेव्हा बंद केली, आणि २०२४मध्ये अमेरिकेच्या एफटीसीने (ग्राहकांचं हित बघणारी सरकारी संस्था) अवास्टला १.६५ कोटी डॉलर भरायला लावले. आता मला सांगा, असल्या नमुन्यात मांजलपूरची, मोबाइलवर इंग्रजी अक्षरात गुजराती टाइप करणारी मुलगी कितीशी असणार? मी स्वतः एका दुकानाचं काम घरातून बघते, बहुतेक टूलमध्ये देश निवडता येतो पण आकडा येतो तो अख्ख्या भारताचा. सुरत, मुंबई, अहमदाबाद सगळं त्यात. मुंबईची बाई मंगळ बाजारात येणारे का दुपट्टा मॅच करायला?

धागाकर्त्याशी मी सहमत. अर्धी तरी.

हिशेबनीस_काका

मला एसईओ फार कळत नाही, आयुष्य खातेवह्यांत गेलं, पण भाच्याने अशीच एक शीट दाखवली होती म्हणून सांगतो. त्या टोटलचाच घोळ आहे. प्लॅनर जवळजवळ सारखे शब्द एकत्र धरतो, एकवचन-अनेकवचन, स्पेलिंगची उलटापालट, आणि त्या प्रत्येकापुढे तोच एकत्र आकडा लिहितो. तुमच्या शीटमध्ये लागोपाठच्या चार ओळींना एकच आकडा दिसत असेल तर त्या चार ओळी नाहीत, एकच आहे. एजन्सीने चारही बेरजेत धरल्या. रेशनकार्ड, मतदार यादी आणि लग्नपत्रिका, तिन्हीत नाव आहे म्हणून एका माणसाची तीन माणसं धरण्यासारखं झालं हे. माझ्या हाताखालच्या कारकुनाने अशी बेरीज आणली असती तर वही परत फेकली असती.

दुसरं, तो आकडा महिन्याची सरासरी आहे, मागच्या बारा महिन्यांची. चनिया चोलीला सरासरी कसली हो? समजा भाद्रपद-आश्विन मिळून १२ हजार वेळा कोणी शोधलं आणि बाकी दहा महिने कोणी विचारलंच नाही. शीट म्हणणार महिन्याला १ हजार. एप्रिलमध्ये १ हजार गिऱ्हाइकांची वाट बघत बसा मग. शिवाय तिथी इंग्रजी कॅलेंडरवर सरकते. २०२३ला घटस्थापना १५ ऑक्टोबर, २०२४ला ३ ऑक्टोबर, २०२५ला २२ सप्टेंबर, आणि २०२६ला अधिक महिना असल्याने परत ११ ऑक्टोबर. सप्टेंबरची सप्टेंबरशी तुलना करून 'मागणी पडली' म्हणणारा हमखास फसणार.

गरबा_पासवाला

काका रॉक्स. पण पोरी सगळं इन्स्टावर बघून घेतात, गूगल करतो कोण?

फतेगंजची_ताई

@गरबा_पासवाला डिझाइन इन्स्टावर बघतात आणि दुकान उघडं आहे का, पार्किंग आहे का ते गूगल मॅपवर. आमच्याकडे निम्मी माणसं दारात फोन हातात धरूनच येतात. आणि तो 'नियर मी'वाला हिशोब कुठल्याच पैसेवाल्या टूलमध्ये धड मिळत नाही, दुकानाच्या गूगल बिझनेस प्रोफाइलमध्ये परफॉर्मन्स उघडा, कुठल्या शब्दांनी लोक तुमच्यापर्यंत आले ते महिन्यावार मिळतं, फुकट. फार थोडे असले तर नुसतं १५ पेक्षा कमी असं दाखवतं, असू दे, पण ते तुमच्याच दुकानाचे असतात ना.

एसईओ_भाऊ

काकांचं शंभर टक्के बराबर, पण बघा, ती चूक शीट करणाऱ्याची, टूलची नाही. प्लॅनरमधून फाइल डाउनलोड केली की बारा महिन्यांचे बारा कॉलम येतात, कोणी डिलीट करून फक्त सरासरी ठेवत असेल तर त्याला पकडा.

ताई, शहराचा आकडा मिळत नाही म्हणालात, प्लॅनरमध्ये लोकेशनला वडोदरा टाकता येतं की. लोक टाकत नाहीत कारण मग आकडे बारके दिसतात आणि क्लायंट हिरमुसतो, हेही खरंय, आमच्या धंद्यातली पोरं रागावतील पण लिहितोच.

आता बाकीचे कॉलम, कारण खरा गोंधळ तिथेच होतो. कॉम्पिटिशनपुढे 'हाय' बघून लोक घाबरतात की बापरे इथे आपला नंबर लागायचा नाही. ते जाहिरातवाल्यांच्या बोलीबद्दल आहे, किती जण त्या शब्दावर पैसे लावताहेत एवढंच. वर यायला किती कष्ट पडतील याच्याशी त्याचा संबंध नाही, उलट 'हाय' म्हंजे त्या शब्दावर माल विकला जातोय. केडी वेगळी. अहरेफ्स या टूलची केडी पहिल्या दहा पानांना किती वेगवेगळ्या साइट्सनी लिंक दिलीये त्यावरून निघते, बास, ते पान चांगलं आहे की भंगार हे त्यात धरत नाहीत. सेमरश या दुसऱ्या टूलची रीत आणखी वेगळी. तेव्हा इथली २० आणि तिथली ४० यांची तुलना करायचीच नाही. आणि केडी ५ असली तरी वरची दहाच्या दहा पानं मोठ्या शॉपिंग साइट्सची असली तर तुझ्या साइटला घाम फुटणारे. त्यासाठी आकडा नको, त्या शब्दाचं सर्च स्वतः करून वर कोण बसलंय ते बघायचं. एवढं कोणी करत नाही.

मंगळबाजारी

वडोदरा टाकून बघितलं आत्ता. बहुतेक ओळी १० ते १०० मध्ये आल्या. मामेभावाला दाखवलं तर त्याचं तोंड बघण्यासारखं झालं.

पण माझा मुद्दा राहतोच भाऊ. मागच्या सीझनला काउंटरवर सगळ्यात जास्त काय विचारलं माहितीये? 'भाड्याने मिळेल का'. नऊ रात्री नऊ ड्रेस कोण विकत घेणार, कॉलेजच्या पोरी तर हमखास भाड्याचं विचारतात. पोरांसाठी केडियूचं (घेरदार अंगरखा) पण तेच. दोनशे ओळींत भाड्याची एकही ओळ नाही. मग हे टूल मला काय शिकवणार?

एसईओ_भाऊ

टूलला तू जे विचारशील तेच ते फुगवून देणार ना. एजन्सीने 'चनिया चोली' आणि 'बाय ऑनलाइन' एवढंच बी टाकलं, 'रेंट' टाकलंच नाही, म्हणून उगवलं नाही. वहीतला शब्द टाक, बघ मग काय काय येतं ते.

फतेगंजची_ताई

आणि समजा टाकलं आणि व्हॉल्यूम शून्य आलं तर? मग पान बनवायचं नाही असंच सांगणार ना तुम्ही लोक?

इथेच माझं तुमचं वाजतं. गूगल स्वतः कित्येक वर्षं सांगतंय की रोज येणाऱ्या सर्चपैकी १५ टक्के त्यांनी आधी कधी बघितलेलेच नसतात. ते कुठल्या टूलमध्ये सापडणार? शून्य म्हंजे 'कोणी शोधत नाही' नव्हे, 'आमच्या नमुन्यात दिसलं नाही' एवढंच. आमच्याकडे भाड्याचं पान आहे, टूलमध्ये त्या शब्दापुढे रेघ येते आणि नवरात्रीच्या आधी फोन त्याच पानावरून येतात. आणि नावाची गंमत बघा, १९७४ पासून कागदोपत्री वडोदरा आहे पण लोक अजून बडोदा टाइप करतात, आणि टूलमध्ये 'बडोदा' टाकलं की आधी बँक ऑफ बडोदा, तिचे आयएफएससी कोड आणि नेटबँकिंग. केवढा तो व्हॉल्यूम! आपल्याला त्याचा काय उपयोग, लोणचं घालू?

एसईओ_भाऊ

ताई, शून्य व्हॉल्यूमचं पान बनवू नका असं मी कधीच म्हणत नाही, पण अशी किती बनवाल? वेळ आणि लिहिणारा माणूस, दोन्ही मोजकंच असतं. कुठलं आधी करायचं ते ठरवायला काहीतरी मोजमाप लागतंच, आणि काउंटरवर बाई आली ती आलेलीच आहे, जी आलीच नाही ती काय शोधत होती हे वहीत कसं लिहिणार? लग्नाच्या सीझनला ब्रायडल शोधणाऱ्या बायका तुमच्या दुकानाकडे फिरकतच नसतील तर वही म्हणेल ब्रायडलला मागणी नाही.

मंगळबाजारी

हम्म. हा मुद्दा चावला.

फतेगंजची_ताई

यासाठी गूगलचं सर्च कन्सोल आहे की, साइटवाल्यांसाठी फुकट, तुम्ही दिसलात पण क्लिक झालं नाही ते शब्द पण त्यात दिसतात. १६ महिने मागचं मिळतं.

एसईओ_भाऊ

आहे, आणि त्यातही खाचाखोचा आहेत. शहर दिसत नाही, फक्त देश. फार थोड्या लोकांनी शोधलेले शब्द प्रायव्हसीसाठी लपवतात, त्यामुळे यादीची बेरीज वरच्या एकूण आकड्याशी जमत नाही. ब्रायडलच्या बाबतीत तुमचं एकही पान तिथवर पोचलेलं नसेल तर तोही शब्द दिसणार नाही. आणि २०२५चा सप्टेंबर तर जपूनच वाचा. गूगलने एका पानावर १०० रिझल्ट मागवायची सोय त्या महिन्यात बंद केली. रँक तपासणारे बॉट ती वापरून खालीखालीपर्यंतची पानं लोड करायचे, त्यामुळे साइट आठव्या पानावर असली तरी इम्प्रेशन (साइट रिझल्टमध्ये दिसल्याची नोंद) पडायचं. ती बंद झाली आणि डेस्कटॉपची इम्प्रेशन्स धाडकन खाली, सरासरी पोझिशन मात्र सुधारलेली दिसायला लागली. नेमकं ऐन नवरात्रीच्या तोंडावर. एका कपड्याच्या दुकानदाराचा रात्री साडेअकराला फोन, सर आपण गेलो का खाली? क्लिक बघा म्हटलं. क्लिक जागच्या जागी.

गरबा_पासवाला

आणि आता वर ते एआयचं उत्तर येतं, आपल्याकडे ऑगस्ट २०२४ पासून. 'आभला वर्क (आरसेकाम) कसं धुवायचं' वाचून माणूस तिथूनच परत. व्हॉल्यूम आहे, क्लिक कुठाय?

हिशेबनीस_काका

धुवायचं वाचणारा तसाही खरेदीला येत नव्हता हो. मंगळबाजारी, तुमच्या शीटमध्ये महिन्यांचे कॉलम आहेत का ते नाही सांगितलंत.

मंगळबाजारी

होते काका. हाइड करून ठेवले होते. अनहाइड केल्यावर बाराही महिने निघाले, ऑगस्ट-सप्टेंबरला डोंगर आणि बाकी सपाट. एजन्सीवाल्याला सोमवारी दुकानावर बोलावलंय, टोटल कशी केली ते मामेभावासमोर समजावून सांग म्हटलं. भाड्याचं पान मी लिहायला घेतोय, व्हॉल्यूम न बघता. ब्रायडलचं भाऊ म्हणतात तसं प्लॅनरमध्ये वडोदरा टाकून बघतो, जमलं तर आणंद-भरूच पण धरतो.

पण टूलला पैसे द्यायचे नाहीत हे मत कायम.

एसईओ_भाऊ

अरे प्लॅनर पण टूलच आहे की, तू तेच वापरतोयस.

मंगळबाजारी

फुकट आहे ते. फुकटाला मी टूल म्हणत नाही.