सुरुवातीच्या विश्वाची एन्ट्रॉपी कमी होती म्हणजे नक्की काय?

सायली_ठाणे
नमस्कार मंडळी, माझी भाची बारावीला आहे, परवा आली होती तेव्हा तिला कोकम सरबत करून देत होते. ग्लासात पाणी घेतलं, वरून अमृत कोकमाची धार सोडली, तर ती आधी सरळ तळाशी जाऊन बसली, मग हळूहळू लाल दोरे वर यायला लागले. चमचा घालणार तेवढ्यात तिने हात धरला, म्हणाली थांब मावशी, बघू दे. तर दोघी बघत बसलो, आणि मग तिने विचारलं की हे मिसळतं पण परत वेगळं का होत नाही.

इथपर्यंत मला येत होतं. मिसळलेलं असण्याचे प्रकार अगणित, वेगळं असण्याचे अगदी थोडे, म्हणून कण आपोआप अगणितवाल्या बाजूला जातात, आणि ते किती प्रकार आहेत हे मोजायचं माप म्हणजे एन्ट्रॉपी. त्यावर ती म्हणाली, म्हणजे काल ती आजपेक्षा कमी, परवा त्याहून कमी, असं मागे मागे गेलं तर बिग बँगला सगळ्यात कमी. पण पुस्तकात तर लिहिलंय की सुरुवातीला सगळीकडे सारख्याच तापमानाचा गरम वायू होता, मग ते आधीच ढवळलेलं सरबत झालं ना?

दोन दिवस डोक्यात तेच घोळतंय. कुणी नीट समजावेल का?

अभ्रक
सायलीताई, भाचीला माझ्याकडून शाबासकी द्या, हा खरंच या विषयातला सगळ्यात अवघड प्रश्न आहे आणि बरेच जण तो न विचारताच पुढे जातात.

सरबत आणि विश्व यात एकच मोठा फरक आहे, ग्रॅव्हिटी. कोकमाचे कण एकमेकांना ओढतात ते इतकं नगण्य की सोडून द्यायचं. पण अख्ख्या विश्वाएवढा वायू घेतला की तसं सोडता येत नाही, तिथे सारखं पसरलेलं असणं ही टिकणारी स्थिती नाहीच. कुठे जरा जास्त दाटी असली की ती आजूबाजूचं ओढते, गोळा होतो, गोळा दबला की तापतो आणि उष्णता, प्रकाश बाहेर फेकतो, आणि हे सगळं धरून हिशेब केला तर एन्ट्रॉपी वाढलेली निघते. म्हणजे ग्रॅव्हिटी असली की उलट होतं, पसरलेलं ते कमी एन्ट्रॉपीचं आणि गोळा झालेलं ते जास्त.

आणि सुरुवातीचं विश्व किती सारखं होतं ते आपण मोजलंय. १९६५ मध्ये पेन्झिअस आणि विल्सन यांनी ज्याचा शोध जाहीर केला ते पार्श्वभूमी प्रारण, म्हणजे आकाशात सगळीकडून येणारा तो जुना उजेड, विश्व साधारण ३ लाख ८० हजार वर्षांचं असतानाचं आहे, आज त्याचं तापमान २.७२५ केल्विन, आणि आकाशात कुठेही बघा, फरक एक लाखात एक भाग एवढाच. तेवढ्याशा फरकातून पुढे दीर्घिका, तारे, आपण.

गोळा होण्याचं शेवटचं टोक म्हणजे कृष्णविवर. बेकेनस्टाइन आणि हॉकिंग यांच्या सूत्राने हिशेब केला तर आपल्या आकाशगंगेच्या मध्यावर जे सुमारे ४० लाख सूर्यांच्या वस्तुमानाचं कृष्णविवर आहे त्या एकट्याची एन्ट्रॉपी दृश्य विश्वातल्या त्या सगळ्या पार्श्वभूमी प्रारणापेक्षा जास्त भरते! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी पुन्हा पुन्हा आकडे तपासले होते.

रॉजर पेनरोज यांनी यावरूनच अंदाज काढला की असं गुळगुळीत विश्व सहज योगायोगाने मिळायची शक्यता १ भागिले १० चा अमुक घात, आणि तो घातच १० चा १२३ वा घात. दृश्य विश्वातल्या प्रत्येक कणावर एक शून्य लिहिलं तरी हा आकडा लिहून पुरा होत नाही.

कृष्णाकाठ
छान लिहिलंय. पण मग पृथ्वीवर झाडं, प्राणी, एवढी व्यवस्था तयार होते ती कशी?

अभ्रक
त्याची किंमत सूर्य भरतो. सूर्याकडून जेवढी ऊर्जा येते जवळपास तेवढीच पृथ्वी परत बाहेर टाकते, पण आलेल्या एका फोटॉनमागे (फोटॉन म्हणजे प्रकाशाचा कण) साधारण वीस फोटॉन जातात, प्रत्येकात ऊर्जा थोडी थोडी. आलं थोडक्यात आणि गेलं विखरून, त्या फरकावर आपली शेतं उभी आहेत. आणि सूर्य तरी का आहे, तर वायू सुरुवातीला गोळा झालेला नव्हता म्हणून.

सायली_ठाणे
आत्ता उलगडलं! पण मग ते इतकं गुळगुळीत कुणी किंवा कशाने केलं? मल्टिव्हर्स म्हणतात ते, म्हणजे आपल्यासारखी अनेक विश्वं, हेच उत्तर का?

विदुला
मल्टिव्हर्सवर जरा सावकाश बोलू कारण त्या एका शब्दाखाली दोन-तीन वेगळ्या गोष्टी येतात. १९५७ ची एव्हरेटची क्वांटमवाली कल्पना वेगळी, ती इथे नको.

गंमत म्हणजे इथल्या कल्पनेचं मूळ बोल्ट्झमनपर्यंत जातं, एन्ट्रॉपी म्हणजे प्रकार मोजणं ही कल्पना ज्याची तो. १८९५ मध्ये त्याने मांडलं (श्रेय आपल्या सहायकाला देऊन) की अख्खं विश्व मिसळून निवलेलंच आहे, आणि एवढ्या अफाट पसाऱ्यात कुठेतरी योगायोगाने एन्ट्रॉपी खाली येते, तो तुकडा म्हणजे आपण, कारण बाकी ठिकाणी बघणारा कुणी असूच शकत नाही. ऐकायला पटतं. पण यात एक मोठं भोक आहे, छोटा योगायोग मोठ्यापेक्षा कितीतरी पट सोपा. अब्जावधी दीर्घिका जुळून येण्यापेक्षा एकटा मेंदू, खोट्या आठवणींसकट, क्षणभर जुळून येणं जास्त शक्य. मग आपण तसलेच असायला हवं, आणि तसं धरलं तर कुठल्याच निरीक्षणावर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून हे उत्तर मला तरी मान्य नाही.

नंतर १९८१ मध्ये अॅलन गथ यांनी इन्फ्लेशन मांडलं, म्हणजे अगदी सुरुवातीला विश्व क्षणार्धात प्रचंड फुगलं ही कल्पना, लिंडे वगैरेंनी ते पुढे नेलं की हे फुगणं काही ठिकाणी थांबतं आणि काही ठिकाणी चालूच राहतं, थांबलं तिथे एकेक विश्व. याने गुळगुळीतपणा समजतो असं वाटतं, पण पेनरोज यांचा आक्षेप असा की फुगणं सुरू व्हायलाच आधी फार खास, कमी एन्ट्रॉपीची जागा लागते, म्हणजे प्रश्न एक घर मागे सरकला. २००४ मध्ये कॅरॉल आणि चेन यांनी रिकाम्या अवकाशातून नवी विश्वं सुटतात असा मार्ग सुचवला, कल्पना सुंदर आहे, पुरावा नाही.

पन्हाळा
विषय निघालाच आहे तर नारळीकर सरांची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. १९९३ मध्ये हॉइल आणि बर्बिज यांच्यासोबत त्यांनी सुरुवातच नसलेल्या विश्वाचं मॉडेल मांडलं होतं. पार्श्वभूमी प्रारणाची मोजमापं बिग बँगच्या बाजूने गेली आणि मलाही तेच पटतं, पण सगळे एका बाजूला असताना पुरावा मागत राहायला हिंमत लागते. मुलं सही मागायला आली की ते सांगायचे पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तर सहीसकट येईल. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. ताई, भाचीचा हा प्रश्न त्यांना नक्की आवडला असता.

सायली_ठाणे
सगळ्यांचे मनापासून आभार, तिला फोनवर वाचून दाखवलं. पोस्टकार्डाचं ऐकून गप्प झाली, मग म्हणाली की कृष्णविवर हे टोक असेल तर हॉकिंग म्हणतात तसं ते विरून गेल्यावर एवढी एन्ट्रॉपी जाते कुठे?

अभ्रक
कुठे जात नाही, प्रारणातून बाहेर पडते, आणि बाहेर पडलेली मूळ कृष्णविवरात होती त्यापेक्षा थोडी जास्तच भरते. फक्त सूर्याएवढ्या कृष्णविवराला विरायला साधारण १० चा ६७ वा घात इतकी वर्षं लागतात, आणि विश्वाचं आजवरचं वय १३८० कोटी.