मदत हवी आहे: टर्बो पेट्रोल गाडीचा इंधनदाब भाराखाली कसा तपासावा?

नमस्कार मंडळी,

माझी २०१९ सालची १.२ लिटर, तीन सिलिंडरची टर्बो पेट्रोल गाडी साताऱ्यात आणि महामार्गावर उत्तम चालते. मात्र यवतेश्वरचा घाट चढताना गाडीत चार माणसे असली आणि तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर जरा जास्त दाबला, की ती दम तोडते, झटके देते आणि पाय सैल केल्यावर पुन्हा शहाण्यासारखी चालू लागते. इंजिनाचा पिवळा दिवा लागला तेव्हा स्कॅनरवर पी ०१७१ हा कोड आला, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे. प्लग आणि एअर फिल्टर नवे आहेत. टर्बोपासून थ्रॉटलपर्यंतचे होज व क्लॅम्प हवेचा दाब देऊन साबणाच्या पाण्याने तपासले, कोठेही बुडबुडा आला नाही.

गॅरेजमध्ये फ्युएल रेलच्या (इंजेक्टरांना पेट्रोल वाटून देणारी नळी) अलीकडे टी-जोड देऊन गेज लावला आणि गाडी जागेवर चालू ठेवली. काटा ३.५ बारवर स्थिर राहिला. त्यावरून पंप ठणठणीत असून इंजेक्टर (पेट्रोलचा फवारा सोडणारे झडपेसारखे भाग) बदलावे लागतील, असे मिस्त्रींचे म्हणणे पडले. माझी शंका नेमकी येथे आहे.

गाडी मल्टिपॉइंट इंजेक्शनची आहे, म्हणजे पेट्रोल प्रत्येक सिलिंडरच्या हवेच्या वाटेत फवारले जाते; जास्तीचे पेट्रोल टाकीत परत नेणारा रिटर्न पाइप नाही, दाब ठरावीक ठेवणारा रेग्युलेटर टाकीतच आहे. त्यामुळे रेलमधील दाब कायम ३.५ बार राहणे अपेक्षित आहे. जागेवर चालताना मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटून देणारा भाग) साधारण ०.६ बार निर्वात असतो, म्हणून इंजेक्टरच्या दोन टोकांमधील दाबाचा फरक ४.१ बार होतो. घाटात टर्बोने ०.८ बार बूस्ट, म्हणजे हवेचा जादा दाब, दिला की तोच फरक २.७ बारवर येतो. प्रवाह फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलत असल्याने तेवढ्याच वेळात जवळजवळ एक पंचमांश पेट्रोल कमी जाते, आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) इंजेक्टर अधिक वेळ उघडा ठेवून ती तूट भरून काढतो. पण त्याच क्षणी पंप थकून रेलचा दाब २.५ बारवर उतरला, तर फरक १.७ बारच उरतो. जागेवर तासाला लिटरभर पेट्रोल पिणारे हे इंजिन पूर्ण ताकदीला तासाला तीस लिटरांच्या वर मागते. नळ थेंबथेंब सोडला तर पाइप अर्धा तुंबलेला असला तरी कळत नाही, तसेच जागेवरच्या ३.५ बारचे आहे, असे मला वाटते.

वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे इंधन थोडे जास्त लागते, हे मान्य. पण त्याचा परिणाम सगळीकडे सारखा दिसायला हवा, केवळ चढावर नव्हे.

तेव्हा गेज लावलेल्या अवस्थेत गाडी घाटात नेणे योग्य आहे का? नसल्यास पंपाची खरी क्षमता कशी जोखावी? इंजेक्टरांचा खर्च करण्याआधी खात्री करून घ्यायची आहे.

प्रतिसाद:

आपली शंका रास्त आहे. गेज लावून घाटात मात्र जाऊ नका. गरम टर्बोशेजारी तात्पुरता जोड सुटला तर पेट्रोल पेट घ्यायला वेळ लागत नाही, आणि गेजचा पाइप केबिनमध्ये घेणे तर त्याहून वाईट.

आधी स्कॅनरवर फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोलात किती टक्के वाढ-घट करतो तो आकडा, पाहा. जागेवर ट्रिम बरीच वाढलेली आणि आरपीएम वाढवल्यावर शून्याकडे येत असेल, तर मॅनिफोल्डकडे हवेची गळती शोधा. जागेवर ठीक आणि भार येताच वाढत असेल, तर संशय पंप, फिल्टर किंवा पंपाच्या वायरिंगवर जातो. सोबत कोणाला तरी बसवून चढावरच्या नोंदी स्कॅनरमध्ये साठवून घ्या. गाडी चालवताना पडद्याकडे बघू नये.

त्यानंतर प्रवाह मोजा. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे पाइपातला दाब उतरतो. मग बॅटरीची ऋण तार सोडून रेलकडचा पाइप काढा आणि मापाच्या डब्यात सोडा. बॅटरी व फ्यूज परत जोडून पंप स्कॅनरने अर्धा मिनिट चालवा. अर्धा लिटरसुद्धा मिळाले नाही, तर पंप किंवा त्याची जाळी दोषी समजा. हे काम उघड्यावर, थंड इंजिनावर, अग्निशामक हाताशी ठेवूनच करा.

पंप काढण्याआधी तो चालू असताना त्याच्या कनेक्टरवरचा व्होल्टेज बॅटरीशी ताडून पाहा. अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक फरक असेल, तर रिलेचे जळके टोक किंवा गंजलेले अर्थिंग आधी दुरुस्त करा. नवा पंपही तेथे तसाच रडेल. या सगळ्यातून पंप निर्दोष ठरला तरच इंजेक्टर काढून त्यांचा फवारा व प्रवाह टेस्ट बेंचवर तपासून घ्या, थेट बदलू नका.

आणखी एक: ही पद्धत आपल्या मल्टिपॉइंट गाडीपुरती आहे. डायरेक्ट इंजेक्शनच्या (थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या) गाडीत इंजिनावरच्या पंपापुढे शंभर बारहून जास्त दाब असतो; तेथे पाइप सोडायचाच नाही, दाब फक्त स्कॅनरवर वाचायचा. ट्रिमचे आकडे मिळाले की येथे टाका.