आधी विहिरी बघा की!

'हिडकल धरणातून आणखी एक पाइपलाइन आणली की बेळगावचा पाणीप्रश्न सुटला,' असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. ते पाणी पंपानं वर चढवावं लागतं, विजेचं बिल कोण भरणार? टिळकवाडीतली काँग्रेस विहीर 1924 च्या अधिवेशनासाठी खोदलेली. तशा जुन्या विहिरी शहरात अजून आहेत, पण त्यात निर्माल्य टाकायचं! आमच्या गल्लीनं वर्गणी काढून एक उपसली, गाळ काढला, वर जाळी बसवली. आता धुणंभांडी तिच्यावरच.

विहिरीत छपरावरचं पावसाचं पाणीही सोडता येतं. त्याचं गणित सोपं आहे: छपराच्या 100 चौरस मीटरवर 1000 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लाख लिटर. बांधकाम परवान्यातच पन्हळ विहिरीला जोडायची अट घाला. पहिल्या पावसाचं पाणी मात्र सोडून द्या, कावळ्यांची कृपा असते त्यात.