रझाकार, मुक्तिसंग्राम, पोलीस अॅक्शन : परदेशात राहून सगळ्या बाजू कशा समजून घ्याव्यात?

सीमेपलीकडे (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मूळ गाव धाराशिव जिल्ह्यात, मुक्काम लंडनला. आमच्याकडे १७ सप्टेंबर म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, १९४८ मध्ये निजामाची राजवट संपून हैदराबाद संस्थान भारतात आलं तो दिवस : स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ, रझाकारांचा (निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांचा) जुलूम. इथे ओळखीच्या झालेल्या हैदराबादी मुस्लीम कुटुंबांत त्याच महिन्याची आठवण कत्तलीची आणि परागंदा होण्याची आहे. दोन्ही आठवणी खऱ्या आहेत, असं मनापासून वाटतं. पण नुसतं वाटून भागत नाही. सुरुवात कुठून करावी? कोणते आकडे धरावेत? इंग्लंडमध्ये कोणती कागदपत्रं बघायला मिळतील?

तवारीख

आधी तारखा आणि जिल्हे पक्के करा. यावरचे निम्मे वाद ऑगस्टची घटना ऑक्टोबरमध्ये किंवा तेलंगणातली मराठवाड्यात टाकल्यामुळे होतात.

२९ नोव्हेंबर १९४७ ला निजाम आणि भारत सरकार यांच्यात जैसे थे करार झाला, म्हणजे विलीनीकरणाचा निर्णय होईपर्यंत आहे ते तसंच चालू ठेवायचं. पुढच्या नऊ-दहा महिन्यांत रझाकारांचा जोर वाढला. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरचा वकील. ऑगस्ट १९४८ मध्ये 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांचा खून झाला. ते मुसलमान होते आणि भारतात सामील व्हावं असं उघड लिहीत होते, हे विसरू नका. १३ ते १७ सप्टेंबर भारताची प्रत्यक्ष लष्करी कारवाई, हीच 'पोलीस अॅक्शन'. त्यानंतरचे आठवडे हा वेगळा कालखंड आहे, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत नेमका तोच गळतो.

त्या आठवड्यांसाठी भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीचा अहवाल मुळातून वाचा. काझी अब्दुल गफ्फार हेही समितीत होते. समिती १९४८ च्या नोव्हेंबरअखेरीपासून २१ डिसेंबरपर्यंत फिरली. १६ पैकी ९ जिल्ह्यांत गेली, आणि ज्या १०९ गावांत जाता आलं नाही तिथल्या पाचशेहून अधिक लोकांशीही बोलली. निष्कर्ष असा की कारवाईच्या काळात आणि नंतर मिळून संस्थानभर २७,००० ते ४०,००० माणसं मेली. सर्वाधिक झळ उस्मानाबाद (आजचं धाराशिव), गुलबर्गा, बिदर आणि नांदेडला : या चार जिल्ह्यांत मिळून किमान १८,०००. तुमचा जिल्हा यादीत आहे, त्यामुळे वाचणं जड जाईल.

हे आकडे वापरताना दोन चुका हमखास होतात. पहिली लातूरबाबत. अहवाल म्हणतो, तिथे सुमारे दहा हजार मुसलमान होते, समितीला जेमतेम तीन हजार दिसले. लोक सरळ वजाबाकी करून 'सात हजार मारले' असं लिहितात. त्याच परिच्छेदात पुढे आहे की हजाराहून अधिक मारले गेले आणि बाकीचे पळून गेले. दुसरी चूक म्हणजे २७ ते ४० हजार ही मोजदाद समजणं. समितीने विचारपूस करून बांधलेला तो अंदाज आहे. सरकारने अहवाल प्रसिद्ध केला नाही, त्यामुळे त्यावर तेव्हाच उघड उलटतपासणी झाली नाही. पण अंदाज आहे म्हणून तो उडवून लावणंही चूकच.

आणि तोच अहवाल रझाकारांनी गावागावांवर महिन्याची खंडणी बसवली होती, न देणाऱ्या गावांत लूट-मारहाण केली, हेही नोंदवतो. काही ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी मुसलमानांना जीव धोक्यात घालून वाचवल्याचंही त्यात आहे. म्हणून उतारे नको, पूर्ण वाचा. अहवालाची प्रत दिल्लीच्या तीन मूर्ती भवनातल्या ग्रंथालयात आहे. छापील रूपातही मिळतो.

दप्तरखाना

लंडनला आहात हे पथ्यावरच पडलंय.

ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात हैदराबाद रेसिडेन्सीची (निजामाकडे नेमलेल्या ब्रिटिश प्रतिनिधीच्या कचेरीची) कागदपत्रं आहेत, पण रेसिडेन्सीचं कामकाज ऑगस्ट १९४७ ला संपलं. तिथे १९४८ शोधत बसाल तर दिवस फुकट जाईल. त्यापुढचं लंडनमधल्याच क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, कॉमनवेल्थ रिलेशन्सच्या 'डीओ' मालिकेत बघा. फाइली आधी मागवून ठेवा. स्वतःच्या कॅमेऱ्याने फोटो काढता येतात. निजामाचे सल्लागार वॉल्टर मॉन्क्टन यांचे कागद ऑक्सफर्डच्या बॉडलियनमध्ये आहेत. निजामाच्या दरबारात काय शिजत होतं ते तिथे कळतं. उमरी किंवा नळदुर्गच्या शेतकऱ्याचं काय चाललं होतं, ते नाही.

घरबसल्या दोन गोष्टी फुकट मिळतात. एक, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचे १६ सप्टेंबर १९४८ पासूनचे वृत्तांत. बैठक पॅरिसला होती. हैदराबादतर्फे मोइन नवाज जंग आणि भारतातर्फे रामस्वामी मुदलियार बोलले. दोघांची भाषणं एका दमात सलग वाचा. दोन, इंग्लंडच्या हायकोर्टाचा २ ऑक्टोबर २०१९ चा निकाल. सप्टेंबर १९४८ मध्ये पाकिस्तानच्या लंडनमधल्या हायकमिशनरच्या खात्यात गेलेल्या हैदराबादच्या सुमारे दहा लाख पौंडांचा हा खटला. त्यात घटनाक्रम मूळ पत्रांसह मांडला आहे. मात्र निवाडा पैशांच्या मालकीचा आहे. कत्तलींचा त्यात शोधू नका.

शोधताना जुने जिल्हे वापरा : लातूर उस्मानाबादेत, जालना औरंगाबादेत, हिंगोली परभणीत. उर्दू कागदांवर फसली सन, म्हणजे निजामाच्या कारभारातली महसुली कालगणना असेल. १३५७ फसली म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८. इसवी सन काढायला ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी ५९० मिळवा, जानेवारीपासून पुढे ५९१. इथे एक वर्ष चुकलं की अख्खी मांडणी कोलमडते.

सीमेपलीकडे

तवारीख, दप्तरखाना, दोघांचेही मनापासून आभार. गावाकडच्या म्हाताऱ्या माणसांशी फोनवर बोलायचं असेल तर काय काळजी घ्यावी?

गोदाकाठ

त्याआधी एक सांगतो. तुम्ही 'सगळ्या बाजू' म्हणालात आणि दोनच मोजल्या. तेलंगणात १९४६ पासून कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा चालू होता, देशमुख-जहागीरदार आणि वेठबिगारीविरुद्ध. भारतीय सैन्य आल्यावर तो थांबला नाही. १९५१ पर्यंत चालला, आणि त्या सैन्याने त्यांच्यावरही बंदुका चालवल्या. दलितांचीही एकच भूमिका नव्हती. बी. एस. व्यंकटराव निजामाच्या मंत्रिमंडळात होते, तर बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४७ मध्येच हैदराबादच्या अस्पृश्यांना निजाम आणि इत्तेहादची (रझाकारांमागच्या मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीन पक्षाची) बाजू घेऊ नका असं जाहीर सांगितलं. हिंदू-मुसलमान एवढ्याच चष्म्यातून बघितलं तर जमिनीचा प्रश्न दिसतच नाही.

आता म्हाताऱ्यांबद्दल. तेव्हा दहा वर्षांचं असलेलं माणूस आज नव्वदीच्या घरात आहे, तेव्हा वेळ दवडू नका. फोन घरच्या कुणाला तरी शेजारी बसवून करा, अर्ध्या तासाच्या वर ताणू नका. 'पोलीस अॅक्शनमध्ये काय झालं?' असं विचारलं की भाषणात ऐकलेलं उत्तर येतं. त्याऐवजी पोळ्याला गावात कोण होतं, दसऱ्याला कोण नव्हतं, ज्वारी कुणी पेरली, बाजार किती आठवडे भरला नाही, असं विचारा. १९४८ चं पंचांग समोर ठेवा, म्हणजे सांगितलेला सण सैन्य येण्याआधीचा की नंतरचा ते लगेच लावता येईल. डोळ्यांनी पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगवेगळ्या रकान्यांत लिहा.

बायकांना पुरुषांसमोर विचारू नका. पळवून नेणं, जबरदस्तीचं धर्मांतर, विहिरीत घेतलेल्या उड्या, हे विषय निघाले आणि त्या थांबल्या तर तिथेच थांबा. पुढचा प्रश्न टाकू नका. पडक्या वाड्याचं किंवा शेताचं पुढे काय झालं, हा प्रश्न सगळ्यात शेवटी ठेवा. त्या जमिनी आज कुणीतरी कसतंय, आणि सांगणाऱ्याचं घर त्याच आळीत आहे. म्हणून रेकॉर्डिंग कुठेही चढवायच्या आधी आडनावं आणि गट नंबर काढून टाका.