साप चावला तर कुठल्या राज्याचं कार्ड दाखवायचं?

जांबोटीकर (धागा सुरू करणारा)

गेल्या सुगीतली गोष्ट. शेजारच्या मामांना भाताच्या पेंढ्या बांधताना घोणस चावली. दिवस मावळत होता. मोटारसायकलवर त्यांना मधे बसवून आम्ही दोघं प्राथमिक आरोग्य केंद्रावर पोचलो, तर दाराला कुलूप. मागच्या क्वार्टरमधून सिस्टर आल्या. पाय बघितला, फार हालवू नका म्हणाल्या, आणि मग स्पष्टच सांगितलं, "सापाचं इंजेक्शन फ्रीजमध्ये आहे. पण डॉक्टर नाहीत. रिअ‍ॅक्शन आली तर मी एकटी काय करू?" बाईंचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. बेळगाव गाठेपर्यंत मामांच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. वाचले, पण चार वेळा डायलिसिस करावं लागलं.

आता पिशवीचं सांगतो. मामी मागून जीपने आल्या त्या साडीच्या दुकानाची एक कॅरीबॅग पोटाशी धरून. आत सगळ्यांची आधार कार्डं, बीपीएल रेशन कार्ड, आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकचं कार्ड, सोसायटीतून काढलेल्या यशस्विनी आरोग्य योजनेची पावती आणि महाराष्ट्राच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या अर्जाची झेरॉक्स. खिडकीवर त्यांनी ते सगळं ओतलं आणि म्हणाल्या, "ह्यातलं कुठलं चालतंय ते तुम्हीच बघून घ्या."

देशात आरोग्यधोरणाचा वाद चाललाय तो या पिशवीत अजून काय घालायचं यावर. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं होतं की 2025 पर्यंत सरकारी आरोग्यखर्च जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर नेऊ. सरकारच्याच हिशेबात 2021-22 ला तो 1.84 टक्के होता. धोरणाच्या पुढच्याच वर्षी, 2018 ला, कुटुंबाला 5 लाखांचं आयुष्मान कार्ड आलं आणि सगळ्यांचे डोळे तिकडे लागले. आमच्या सीमाभागात तर दोन राज्यांत चढाओढ. 2023 ला महाराष्ट्राने कर्नाटकातल्या 865 गावांना आपली योजना लागू केली, जानेवारी 2024 ला अर्ज भरून घेणारी केंद्रं इथल्या प्रशासनाने बंद केली. दोन्हीकडे भाषणं झाली, पेपरात मथळे आले. आमच्या केंद्रावर रात्री डॉक्टर का नसतो, एवढं मात्र कुणी विचारलं नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. कार्डं बास झाली. आधी ते कुलूप काढा.

खिडकीपलीकडचा

मी बेळगावात एका खासगी हॉस्पिटलात अशाच खिडकीमागे बसतो, म्हणून राहवलं नाही.

जांबोटीकर, तुमच्या मामांची डायलिसिस कशावर झाली ते तुम्ही लिहिलं नाही. कार्डावरच झाली असणार. 2018 च्या आधीचे दिवस मी बघितलेत. हार्टचं ऑपरेशन म्हटलं की माणूस पहिल्यांदा म्हैस विकायचा, मग मंगळसूत्र सोनाराकडे, मग शेताचा तुकडा सावकाराकडे. आता निदान दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला मी "बसा, होतंय" म्हणू शकतो. तुम्ही ज्या सरकारी हिशेबातून 1.84 काढलंत, त्यातच हेही आहे की लोकांच्या खिशातून जाणारा वाटा 2013-14 ला 64.2 टक्के होता, तो 2021-22 ला 39.4 वर आला. ते सोयीने गाळू नका.

कार्डात दोष आहेत, तेही सांगतो. आणीबाणीची ठरावीक यादी सोडली तर सरकारी दवाखान्याचं रेफर पत्र लागतं. गुडघा बदलायला आलेली आजी "रेफर आण" म्हटल्यावर परत बसस्टँडवर जाते, तेव्हा मलाच लाज वाटते. एपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेच्या वरचा असला तर पॅकेजच्या, म्हणजे उपचाराच्या ठरलेल्या दराच्या, फक्त 30 टक्के, तेही वर्षाला दीड लाखापर्यंत. नोव्हेंबर 2024 ला बीपीएल कार्डं रद्द व्हायला लागली, तेव्हा आमच्या खिडकीवर काय गोंधळ झाला असेल कल्पना करा. ओरड झाली म्हणून सरकार मागे सरलं. पण रेशनच्या कार्डावर हृदयाचं ऑपरेशन टांगून ठेवायचं, हे मूळचंच चुकलंय.

येळ्ळूरचा पोरगा

सगळं बरोबर, पण महाराष्ट्राच्या योजनेला "चढाओढ" म्हणून मोकळं होऊ नका. 2004 पासून सीमेचा दावा सुप्रीम कोर्टात पडून आहे. तोपर्यंत महाराष्ट्राने आपल्या माणसासाठी काहीच करायचं नाही काय? खिशातले पैसे घालून कोण औषध देतंय, तर अर्ज भरायचं केंद्र बंद करायचं, ही कुठली आरोग्यसेवा? कर्नाटकाचं कार्ड द्या, महाराष्ट्राचंही द्या, पेशंटला जिकडे लवकर होईल तिकडे तो जाईल. ह्यात कुणाचं काय गेलं?

आणि भाषेचं. माझ्या आईला ऑपरेशनच्या आधी कन्नडमधल्या कागदावर अंगठा घेतला. तिला मराठी वाचता येतं, सही येते. कागद वाचता आला नाही म्हणून अंगठा. हा सुधारणेतला मुद्दा नाही काय?

मार्केट यार्ड

येळ्ळूरकर, आईंचा कागद मराठीत असायलाच पाहिजे होता. तिथं मी तुमच्या बाजूला. नुसता छापील कागद नव्हे, समजावून सांगणारा माणूसही पाहिजे.

पण योजनेचं काय बोलूलालाय? पेट्रोल इथं भरता, घरपट्टी इथं भरता, जीएसटीतला राज्याचा वाटा बेंगळूरला जातोय. मग रस्ता खराब झाला तर इथल्या आमदाराला धरता आणि डॉक्टर नसला तर मुंबईकडे बघता. अशानं इथल्या सरकारची जबाबदारी आपणच माफ करूलालोय. आरोग्य हा घटनेनं राज्याचा विषय आहे. पाऊणशे वर्षं मराठी बोललो म्हणून इथल्या दवाखान्यावरचा माझा हक्क कमी होत नाही. तो हक्क इथंच मागायचा. दोन राज्यांच्या दोन अर्ध्या योजना म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या.

येळ्ळूरचा पोरगा

मागितला की. निवेदनं देऊन देऊन फाईल जाड झाली. तुम्ही कधी आलाय निवेदन द्यायला?

मार्केट यार्ड

दोनदा. दुसऱ्यांदा तुमचेच पुढारी फोटो काढून निघून गेले.

चोर्ला घाट

भांडा सावकाश. मी तिसरीकडचं सांगतो.

आमच्या कणकुंबी भागातली माणसं पिढ्यान् पिढ्या गोव्याला कामाला. आजारी पडली की बांबोळीचं सरकारी मेडिकल कॉलेज. 2018 च्या जानेवारीपासून तिथं गोव्याबाहेरच्या पेशंटला फी लागली. राग आला होता तेव्हा. आता वाटतं, त्यांचंही खोटं नव्हतं. खाटा तेवढ्याच, आणि सिंधुदुर्ग, कारवार, बेळगाव सगळे तिकडेच.

म्हणून जांबोटीकरांचं "कार्डं बास" मला पटत नाही. सीमेवरच्या माणसाला हद्द ओलांडूनच उपचार मिळतात. आयुष्मान कार्ड देशभर चालतं असं सांगतात. पण ते केंद्राच्या यादीतल्या कुटुंबाचं, म्हणजे 2011 च्या सामाजिक-आर्थिक आणि जात जनगणनेतून निवडलेल्यांचं. राज्याने आपल्या पैशाने नंतर जी कुटुंबं घातली, त्यांचं कार्ड घाट उतरल्यावर चालेलच याची खात्री नाही. दोन्ही कार्डं दिसायला सारखीच. माझ्या चुलतभावाला हे कोल्हापुरात खिडकीवर उभं राहिल्यावर कळलं. राष्ट्रीय धोरण म्हणायचं तर हे एवढं तरी राष्ट्रीय करा.

खिडकीपलीकडचा

हा मुद्दा शंभर टक्के. आमच्याकडे महाराष्ट्रातल्या चंदगडहून येणाऱ्यांची हीच तऱ्हा, उलट्या बाजूने.

निवृत्त कंपाउंडर, निपाणी

कार्डवाल्यांनो, एक साधा हिशेब. माझी बीपी आणि शुगरची गोळी महिन्याला विकत. आयुष्मानमध्ये खाटेवर पडल्याशिवाय पैसा नाही. आधीचे तीन दिवस आणि नंतरचे पंधरा दिवस, बस. म्हणजे सरकार म्हणतं, गोळी तुझी तू घे, अर्धांग झाला की 5 लाख आमचे. हा काय शहाणपणा? तंबाखूच्या वखारीत चाळीस वर्षं बसलेल्या बायकांचे खोकले मी ऐकलेत. त्यांना खाट नको होती. महिन्याला एकदा छाती तपासणारा माणूस पाहिजे होता.

आणि खासगीवाल्यांवर सगळं सोपवायचं म्हणता, तर 2017 आठवा. बिलांवर मर्यादा घालणारा कायदा कर्नाटक आणत होतं. नोव्हेंबरात राज्यभरचे डॉक्टर इथं बेळगावच्या सुवर्णसौध विधानभवनातल्या अधिवेशनावर चालून आले, दवाखाने बंद ठेवले. शेवटी कायद्याचे दात काढूनच तो पास झाला. राजस्थानात 2023 ला आरोग्य हक्काचा कायदा झाला, तेव्हाही तोच संप.

खिडकीपलीकडचा

काका, संप का झाला तेही सांगा. सरकार पॅकेज ठरवतं कमी, आणि तेही पैसे महिनोन् महिने देत नाही. हरियाणात ऑगस्ट 2025 ला खासगी हॉस्पिटलांनी थकबाकीसाठी आयुष्मानचे पेशंट घेणंच थांबवलं. सिस्टर, वॉर्डबॉय यांचा पगार एक तारखेलाच द्यावा लागतो.

निवृत्त कंपाउंडर, निपाणी

मग तोच पैसा सरकारी दवाखान्यात घाला, थकबाकीचा प्रश्नच मिटला. आणि खासगीवाल्यांच्या पावित्र्याचंही नका सांगू. 2023 ला कॅगने आयुष्मानची वही तपासली, तर साडेसात लाखांच्या आसपास लाभार्थी एकाच मोबाईल नंबरवर, दहाही आकडे 9. ही नोंद करणारे हात कुणाचे?

खिडकीपलीकडचा

नंबर सरकारी नोंदणीत पडला, आमच्या बिलात नव्हे. पण वाद वाढवत नाही.

आशाचा नवरा

वाचत होतो, बोलणार नव्हतो. माझी बायको आशा कार्यकर्ती आहे. आमच्याकडे पावसात ओढे भरले की जीप जात नाही. खुर्चीला बांबू बांधून पेशंट रस्त्यापर्यंत आणायचा, हिने छत्री धरून बरोबर चालायचं. जानेवारी 2025 ला बेंगळूरला आशांचं आंदोलन झालं, त्यात ही गेली होती. रात्रभर थंडीत रस्त्यावर. महिन्याला किमान 10,000 मिळतील असं आश्वासन घेऊन आली. इथं कार्ड की डॉक्टर म्हणून भांडताय. आमच्या वस्तीला दोन्हींच्या आधी ही पोचते, आणि तिला अजून सरकार कामगार म्हणत नाही, स्वयंसेविका म्हणतं.

जांबोटीकर

एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

खिडकीपलीकडच्यांना: होय, डायलिसिस कार्डावरच झाली. पहिल्या पोस्टमध्ये मी ते लिहायला पाहिजे होतं. "कार्डं बास" हे रागात लिहिलं. चोर्ला घाटवाल्यांचंही मान्य, हद्दीपलीकडे चालणारं एक कार्ड लागणारच. पण माझा मुद्दा तसाच उभा आहे. इंजेक्शन वेळेत मिळालं असतं तर डायलिसिसची पाळी कदाचित आली नसती. म्हणजे जे 5 रुपयांत झालं असतं त्यासाठी सरकारने 500 मोजले, आणि मामांची किडनी अधू झाली ती वेगळीच. कर्नाटकाने फेब्रुवारी 2024 ला सर्पदंशाची नोंद सक्तीची केली, देशात पहिलं राज्य म्हणून कौतुक झालं. केंद्राचाही आराखडा आलाय, 2030 पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्मे करायचे. नोंद होईल की. मामांचीही झाली. बेळगावात.

आणि कन्नड-मराठीत मला पाडू नका. त्या सिस्टर धारवाडकडच्या. मराठी तोडकंमोडकं बोलतात. गावात सगळ्यात जास्त विश्वास त्यांच्यावरच आहे.

एक डॉक्टर (टिळकवाडी)

पदवीनंतर सक्तीचं एक वर्ष मी अशाच केंद्रावर काढलंय, म्हणून दोन शब्द. तुम्ही कुलूप म्हणता. आत एकटा पंचविशीतला डॉक्टर असतो, त्याच्यावर दिवसाची ओपीडी, कागद, मीटिंगा, आणि रात्री चारशे गोष्टींची जबाबदारी. एखादा पेशंट गेला की जमाव येतो. एका डॉक्टरवर चोवीस तास केंद्र चालत नाही, कुठल्याही राज्यात. दोन डॉक्टर, तीन सिस्टर आणि चालू गाडी द्या, मग जाब विचारा. नाहीतर सक्तीचं वर्ष संपलं की पोरं पळणारच. मीही पळालो.

एक मार्ग मात्र आहे. सर्पदंशाचं इंजेक्शन प्रशिक्षित सिस्टर फोनवरच्या डॉक्टरच्या सांगण्यावरून सुरू करू शकते, जवळ रिअ‍ॅक्शनवरचं अ‍ॅड्रिनलिन भरून ठेवलं तर. ई-संजीवनीसारखी सोय याचसाठी आहे. तुमच्या सिस्टरना विचारा, तसा लेखी आदेश आणि ट्रेनिंग त्यांना मिळालंय काय.

येळ्ळूरचा पोरगा

हे चांगलं आहे. निवेदनात घालतो. मार्केट यार्ड, ह्यावेळी फोटोला थांबा.

मार्केट यार्ड

कन्नडमध्ये मी लिहून देतो. दोन्ही भाषांत देऊया, म्हणजे कुणाला सबब नको.

जांबोटीकर

डॉक्टरसाहेब, आज सकाळी केंद्रावर जाऊन सिस्टरना विचारलं. ट्रेनिंग एक दिवसाचं झालंय. लेखी आदेश नाही. फोनवर डॉक्टर मिळतात, पण केंद्राच्या इमारतीत रेंज नाही. रेंज येते ती मागच्या काजूच्या बागेत, विहिरीच्या कठड्यावर उभं राहिलं तर.