लायसन्स विकताना मुदत लिहून घ्या

फोटोंतून कमाई कशी करावी, यावर कुणीतरी लिहिलंय की स्टॉक साइटवर (जिथे फोटो ठेवून त्यांच्या वापराची परवानगी विकली जाते) हातात काही पडत नाही, त्यापेक्षा स्वतःच्या वेबसाइटवर प्रिंट विका. हे म्हणणं पटतं. शटरस्टॉक या अशाच साइटवर २०२० पासून फोटोग्राफरचा वाटा १५ टक्क्यांपासून सुरू होतो आणि दर जानेवारीत पुन्हा तिथेच येतो, म्हणजे वर्षभराची चढण वाया. पण प्रिंटपेक्षा मला थेट लायसन्सचा, म्हणजे फोटो वापरायची परवानगी स्वतः विकण्याचा, मार्ग जास्त टिकाऊ वाटतो. कॅलेंडरवाले, होमस्टे, छोटे प्रकाशक यांना चांगले फोटो हवेच असतात. माझ्याकडचे कोकणातले पावसाळी फोटो असेच जातात, ईमेलवर बोलणं होऊन. फक्त व्यवहार लेखी ठेवा: कशासाठी, किती काळ, कुठे. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलम १९ प्रमाणे हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. कॅलेंडर एका वर्षाचं असतं, त्याच्यासाठी ५ वर्षं का द्यायची?

लग्नाचे जुने कँडिड फोटो विकायला टाका, असंही सुचवलं गेलंय; ती सूचना मात्र कृपया कुणी उचलू नका. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा ग्राहक असतो, फोटोग्राफर नाही (कलम १७). तेव्हा ते हक्क आधी ग्राहकाकडून लेखी घ्यावे लागतील. शिवाय फोटोतल्या माणसांचीही संमती हवी, नाहीतर नवरीचा चेहरा एखाद्या दागिन्यांच्या जाहिरातीत तिला न विचारता झळकेल.